डावा बूट

३ मार्च

प्रिय कप्तान,

हे बोलावणं नव्हे. पहिल्याच ओळीत सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्हाला निवांत वाचता येईल. विभागाचं काम आहे.

या सत्राअखेर मी निवृत्त होते आहे. शांतता अभ्यास विभागाची खोली रिकामी करून द्यायची आहे. माझ्या जागी येणारा नवा मास्तर आत्तापासूनच मोजपट्टी घेऊन फिरतो. टेबल खिडकीकडे सरकवणार आहे, कोपऱ्यातला नळ काढून टाकणार आहे. तुम्हाला आठवत असेल, खोली आमच्या वाट्याला आली तेव्हा ती रसायनशास्त्राची प्रयोगशाळा होती आणि तो एक नळ काढायला विद्यापीठाला कधी सवड झाली नाही. मी युद्धबंदीवर बोलत राहिले आणि मागे तो टपटपत राहिला. पोरं म्हणायची, बाई, जगात शांतता येईल एक वेळ, पण या खोलीत यायची नाही.

तर काल नव्या मास्तरनं माझ्या समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "मॅडम, हा बूट कुणाचा?"

"कप्तानांचा."

"दुसरा कुठाय?"

"त्यांच्याकडे."

म्हातारीचं डोकं फिरलंय असं बिचाऱ्याला वाटलं असणार. मग त्याचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे तो नियम!" माझा लेख त्याला परीक्षेला होता म्हणे. उभ्याउभ्या त्यानं नियम घडाघडा म्हणून दाखवला. बोलणी चालू असताना ज्याला संतापून उठून जायचं असेल त्यानं खुशाल जावं, पण एक बूट खुर्चीवर ठेवून जावं. मागे राहिलेल्यांनी हाका मारू नयेत. आणि शेवटी माझंच वाक्य माझ्याच तोंडावर: "एका बुटावर माणूस फार वेळ रागावू शकत नाही. तो आपणहून परत येतो."

हे वाक्य तुम्हाला कधी आवडलं नाही. छापायला देण्याआधी मी वाचून दाखवलं, तेव्हा तुम्ही टोपी डोळ्यांवर ओढून हसलात आणि म्हणालात, "तुम्ही लिहा बाई, मी दार सांभाळतो." भांडणाऱ्यांना बोलण्यांना समोरासमोर बसवलं की दारातच असायचात तुम्ही नेहमी. मी टेबलाशी, तुम्ही दाराशी. इतिहास शिकवणारी एक तोंडाळ बाई आणि लष्करात पूल बांधून कंटाळलेला एक घुमा इंजिनिअर, ही जोडी कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाली देव जाणे.

प्रश्न एवढाच, की बुटाचं काय करू? विभागाच्या सामानात त्याची नोंद नाही. आणि नव्या मास्तरला त्या खुर्चीवर बसायचंय.

आई बरी आहे. "तुझा तो टोपीवाला काय म्हणतो?" असं विचारते. मी सांगते, कामात आहेत.

तुमची,
बाई

ता.क. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही "हं" म्हणता आणि मग मला आठवडाभर त्या "हं"चे अर्थ लावत बसावं लागतं.


२४ मार्च

प्रिय कप्तान,

कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर तीन ओळी! "बूट पोस्टानं पाठवू नका. दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नका. नियम तुम्हाला ठाऊक आहे." खाली सही, आणि बाकी सगळी जागा हवा खायला मोकळी.

नियम मला ठाऊक नसेल तर कुणाला? मीच लिहिलाय. म्हणजे तुम्ही स्वतः येणार. मी कार्ड आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "यात येतो असं कुठं लिहिलंय?" तिला या विषयातलं काही कळत नाही.

तारीख कळवली नाहीत तरी चालेल. मी काही दाराकडे डोळे लावून बसलेली नाही. सहज म्हणून दारात नवं पायपुसणं घातलंय, जुनं फाटलं होतं. बुटाला पॉलिश केलं. नाडी पार कुजली होती, काळी मिळाली नाही म्हणून तपकिरी घातली. आल्यावर नावं ठेवू नका.

पॉलिश करताना तो दिवस आठवला. तुम्हाला त्या दूरच्या प्रशिक्षण केंद्राचं पत्र आलं होतं. युद्धबंदीवर देखरेख करायला जाणाऱ्या पोरांना शिकवायचं, तिथंच राहायचं. तुम्ही समोरच्या खुर्चीवर बसून म्हणालात, "चला." नुसतं "चला". जसं काही कोपऱ्यावर चहा प्यायला जायचंय. मी म्हटलं, आई आहे. मी म्हटलं, वर्ग अर्ध्यावर आहेत. वर्तमानपत्रातलं सदर आहे, तुरुंगातला शनिवारचा तास आहे, पुस्तक आहे. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "बाई, कारणं एकावर एक अशी रचलीत की त्यांची भिंत होते. मी इंजिनिअर आहे, मला दिसतं."

मग उठलात. डावा बूट काढून खुर्चीवर ठेवलात आणि निघालात.

मी खिडकीतून पाहत होते. एका पायात बूट, एका पायात मोजा, आणि मोज्याला टाचेशी हे एवढं भोक. वऱ्हांड्याच्या नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून तुम्ही असे ऐटीत चालला होतात की मला हसू फुटलं. हसू आवरून हाक मारावी म्हटलं, तर नियम आडवा आला. नियम आठवून होईपर्यंत तुम्ही फाटकाबाहेर. त्यानंतर चार वर्षं मी हसलेय, नाही असं नाही. पण ते हसू तसंच घशाशी अडकून आहे.

या लवकर. हे बोलावणं नव्हे.

बाई


१८ एप्रिल

कप्तान,

निरोप समारंभ झाला. तुम्ही आला नाहीत.

मला वाटलं होतं, त्या दिवशी याल. नाटकीपणा तुमच्यात नाही हे मला माहीत आहे, तरी वाटलं. पहिल्या रांगेत शेजारची खुर्ची धरून ठेवली होती, पिशवी ठेवून. कुलसचिवांची बायको येऊन "इथं कुणी बसलंय का?" असं विचारून गेली. मी म्हटलं, हो.

भाषणं झाली. माझ्या आयुष्याची अशी काही मोट बांधली त्यांनी की मलाच मी ओळखू येईना. इतिहास सोडून हा नवा विषय घेतला कारण मी द्रष्टी होते म्हणे. खरं म्हणजे इतिहासात जागा एक होती आणि विभागप्रमुखांचा भाचा मोकळा होता. सदराबद्दल म्हणाले, "समाजप्रबोधन". त्यात असायची शेजाऱ्यांची भांडणं, पाण्याच्या टाकीवरून, भिंतीवरून, कुत्र्यावरून. लोक चवीनं वाचायचे इतकंच. तुरुंगातल्या तासाचा उल्लेख झाला. तिथल्या त्या दाढीवाल्यानं मला एकदा विचारलं होतं, "बाई, तुमचं कधी कुणाशी भांडण झालं नाही का?" मी म्हटलं होतं, वेळच मिळाला नाही. हे मात्र कुणाला माहीत नव्हतं. रेडिओवरची भाषणं, मुलांची दोन पुस्तकं, सगळं आलं. बुटाचा नियम तर तिघांच्या भाषणात आला. तिघांनीही ते वाक्य म्हटलं. टाळ्या पडल्या.

मी टाळ्या ऐकत होते आणि मला वाटत होतं, हे वाक्य खोटं आहे. चार वर्षं माणूस एका बुटावर आहे आणि येत नाही.

आज खोलीची किल्ली दिली. खुर्ची मागितली, तर ती विद्यापीठाची निघाली. बूट पिशवीत घालून घरी आणला. आईनं पाहिला. "एकच?" म्हणाली. मी जेवणाच्या टेबलाशी तिसऱ्या खुर्चीवर ठेवला, तर म्हणाली, "पाहुणा कमी बोलतो, पण बरा आहे."

मला तुमची आठवण येते, कप्तान. आडवळणानं लिहून लिहून कंटाळले. चहाचा दुसरा कप अजून हातून ओतला जातो. भाजी घेताना, रस्ता ओलांडताना, कुणी टोपीवाला पाठमोरा दिसला की पावलं त्याच्यामागे वळतात. या वयात हे असं होतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

येणार नसाल तर तसं कळवा. बुटाला घरात जागा आहे. मला फक्त कळू दे.

बाई


४ मे

कप्तान,

हे पत्र मी संतापून लिहिते आहे. बसून वाचा.

विद्यापीठाच्या प्रकाशनाला माझ्या आठवणींचं पुस्तक हवंय, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. शेवटचं प्रकरण पुलाचं. आपलं पहिलं काम. संपादक म्हणाले, त्या बोलण्यांतली जी माणसं हयात आहेत त्यांना भेटून संमती आणा. म्हणून परवा मी त्या गावी जाऊन आले.

गाव ओळखू येत नाही. आपण पहिल्यांदा गेलो तेव्हा पूल दोन्ही टोकांना तारा लावून बंद होता. दंगल होऊन गेलेली, शाळा या काठाला, दवाखाना त्या काठाला, आणि मधून कुत्रंही जात नव्हतं. आता पुलावर पोरं सायकली पळवतात. नदीकाठच्या बाजूनं बोलायला आलेला घड्याळजी मागच्या थंडीत गेला. टेकडीच्या बाजूनं बोलायला आलेला वखारवाला आहे. लाकडं दुसरेच कापतात, हा वखारीच्या दारात खुर्ची टाकून सगळ्यांना अक्कल शिकवतो. मला लांबूनच ओळखलं.

मी त्याला ते प्रकरण वाचून दाखवलं. त्यात असं होतं: घड्याळजी भडकून उठला, त्याचा सैल बूट टेबलाखालीच राहिला, तो तसाच बाहेर गेला. मी सगळ्यांना चहासाठी सोडलं आणि टिपणं लिहायला मागच्या खोलीत गेले. परत येऊन पाहते तर घड्याळजी जागेवर, दोन्ही पायांत बूट, आणि वखारवाला त्याच्या चहातली साखर ढवळून देतोय. तिथंच मला नियम सुचला. तो आपणहून परत येतो.

वखारवाला इतका हसला की त्याला ठसका लागला.

"तो कसला येतोय! एका बुटावर घरी गेला असता आणि जन्मभर एका बुटावर हिंडला असता. मी नेऊन दिला त्याला बूट!"

"तुम्ही? कप्तानांनी सांगितलं तुम्हाला?"

"तुमचा कप्तान कधी काही सांगतो होय? त्यानं बूट टेबलाखालून काढला, माझ्या पुढ्यात खुर्चीवर ठेवला, आणि आपण दारात जाऊन पाठ करून उभा राहिला. म्हटलं, काय आगाऊ माणूस आहे! बसलो बघत त्या बुटाकडे. टाच बाहेरच्या अंगानं झिजलेली. आमच्या थोरल्याची तशीच झिजायची."

त्याचा थोरला दंगलीत गेला, हे तुम्हाला माहीत आहेच.

"मग उचलला," तो म्हणाला. "घड्याळजी आवारातल्या पंपापाशी उभा होता, एक पाय दुसऱ्यावर ठेवून, बगळ्यासारखा. म्हटलं, घाल. तर म्हणतो, खाली ठेव. म्हणजे बघा माज! मी ठेवायला वाकलो, तर तोच घाईनं म्हणाला, अरे राहू दे, राहू दे, आण इकडे. एवढंच झालं बाई. बाकी पुलाचं सगळं तुम्ही केलंत, ते काय मी नाकारत नाही. पण हे पुस्तकात नीट घाला. परत आला, परत आला म्हणून सगळा मान त्यालाच. मेला तरी मिरवतोय."

परतीच्या वाटेवर मी आठवत बसले. पुलानंतर आपण किती जणांची बोलणी केली, किती जण बूट ठेवून उठले! आणि दर वेळी मी टिपणं लिहायला मागच्या खोलीत, तुम्ही दारात. दर वेळी मी परत यायचे तेव्हा माणूस जागेवर असायचा आणि मी मनाशी म्हणायचे, बघा, आला आपणहून. म्हणजे एकही जण आला नव्हता? दर वेळी कुणीतरी नेऊन देत होतं?

आणि तुम्ही मला छापू दिलंत! लेखाचं पुस्तक झालं, पुस्तकाच्या आवृत्त्या निघाल्या, पोरांनी परीक्षेत लिहून गुण मिळवले, आणि तुम्ही आपले टोपी डोळ्यांवर ओढून बसलात. एका शब्दानं सांगायला काय झालं होतं?

थांबा, उत्तर मला माहीत आहे. ते वखारवाल्यानंच दिलं. सांगून नेलेला बूट तुमच्या हिशेबी बूटच नव्हे. म्हणून पाठ करून उभे राहत होतात. म्हणून कार्डावर तीन ओळी. मी इकडे आत बसून वाट बघतेय, कधी माणूस परत येतो, आणि तुम्ही तिकडे पंपापाशी बगळ्यासारखे. दोघंही नियम पाळतोय. आपल्यासारखी शिकलेली माणसं कुठं सापडायची नाहीत.

मी फार रागावले आहे. पत्र लिहिताना सारखं हसूही येतंय, तेच, तेव्हाचं.

बाई


६ मे

कप्तान,

आईला सगळं सांगितलं. ती शेंगा सोलत होती, मान वर न करता ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मग जातेस कधी?"

मी म्हटलं, तुझ्याजवळ कोण?

"तुझी धाकटी बहीण येते म्हणाली आहे. मागच्याच वर्षी म्हणाली होती. तेव्हा तू म्हणालीस, तिला माझं पथ्यपाणी जमायचं नाही." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "माझं निमित्त खूप वापरलंस गं. झिजलं आता ते. दुसरं काहीतरी शोध, नाहीतर जा."

वर्ग संपले आहेत. सदर गेल्या वर्षीच बंद झालं. तुरुंगातला तास नवा मास्तर घेतो, दाढीवाल्याला तो आवडतो म्हणे. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण आता नव्यानं लिहायचंय, आणि ते इथं बसून लिहिता येणार नाही. भिंतीची एकेक वीट तपासली, कप्तान. एकही जागेवर नाही.

हे पत्र टाकणार नाही. कळवून आले तर सांगून आल्यासारखं होईल, आणि तुमचं काही सांगता येत नाही, स्टेशनवर येऊन उभे राहाल. बरोबरच आणते.


२० मे

कप्तान,

तुमच्या केंद्राच्या वऱ्हांड्यात बसून लिहिते आहे. बाक अरुंद आहे. समोर तुमच्या वर्गाचं दार, वरच्या अर्ध्या भागाला काच, पण काच दुधी आहे, त्यामुळे हलणारी एक सावली तेवढी दिसते. सावलीला टोपी आहे.

प्रवास लांब झाला. बूट मांडीवरच ठेवला होता. शेजारच्या बाईंनी आधी अंग चोरलं, मग विचारलं, दुरुस्तीला का? मी म्हटलं, तसंच काहीसं.

वाटेत हजारदा वाटलं, उतरावं आणि परत फिरावं. कार्डाचा अर्थ मी लावलाय तो खरा कशावरून? तुम्ही घुमे. घुम्या माणसाच्या गप्प बसण्यात आपल्याला हवं ते ऐकू येतं. चार वर्षांत तुमचं सगळं बदललं असेल, दारात दुसऱ्या कुणाच्या चपला असतील. बूट पोस्टानं पाठवू नका, म्हणजे नुसतं, टाकून द्या, असंही असेल. या वयात पिशवीत बूट घालून परगावी निघालेली बाई, कुणाला सांगायची सोय आहे का?

फाटकातून आत आले. कचेरीत एक तरुण बाई कागदावर शिक्के मारत बसली होती. तिनं वर न पाहता विचारलं, "काय काम आहे?"

इतकी वर्षं माणसांना बोलतं करणारी मी! शेवटी कसंबसं म्हटलं, "एक बूट द्यायचा आहे."

तिचा शिक्का हातातच राहिला. तिनं मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं.

"डावा का?" ती म्हणाली.

मी मान हलवली. रडू आलं, ते तिथंच रडले, तिच्या टेबलाशी उभी राहून. तिनं पाणी दिलं. म्हणाली, त्यांनी आल्या दिवशीच सांगून ठेवलंय, कधीही कुणी डावा बूट घेऊन आलं तर थांबवून घ्यायचं. तिच्या आधी इथं होत्या त्यांनी तिला सांगितलं, ती गेली तर तिनं पुढचीला सांगायचं. मग म्हणाली, द्या, मी आत नेऊन देते. मी म्हटलं, नको. दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचा नाही.

म्हणून बाकावर बसले आहे. हाताला चाळा म्हणून हे लिहिते आहे. आतून तुमचा आवाज येतो. एका पोरानं काहीतरी लांबलचक विचारलं आणि तुम्ही "हं" म्हणालात. सगळा वर्ग गप्प. बिचारे अर्थ लावत असतील.

मध्येच उठू नका. तास पूर्ण घ्या. मी दारात आहे.